सौनाची वायर

“बाबा, इथून पुढे काही नाही,” सिल्व्ही म्हणाली आणि तिने टेबलावरच्या नकाशावर वेलचीच्या पावाचा तुकडा ठेवला. “वाटेत एक चार्जर आहे, पण तो हिवाळाभर बंद. म्हणजे आपला ट्रक बरोबर इथे मान टाकणार.”

आर्व्हिडने चष्मा वर करून पाहिलं. त्या तुकड्यापासून त्याच्या थोरल्या भावाचं, ओनीचं घर चार मैल पुढे होतं. हे त्याला माहीत होतं, त्याच्या बायकोला, लॉरेनला माहीत होतं, आणि सोळा वर्षांच्या सिल्व्हीला तर चांगलंच माहीत होतं. पोरगी बापावर गेली होती. खोडी काढताना चेहरा अगदी सरळ ठेवायची.

चोवीस डिसेंबरला एस्कनाबाहून निघायचं आणि पार उत्तरेच्या टोकाला, कॉपर हार्बरच्या केबिनमध्ये आठवडा काढायचा, हा बेत आर्व्हिडचाच. उन्हाळ्यात विजेवरचा ट्रक एका दमात पोचला असता. पण या थंडीत, हीटर लावून आणि मागे स्कीचं सामान भरून, त्याचा दम निम्म्या वाटेतच संपत होता.

“पेट्रोलच्या गाडीला असली नाटकं नव्हती,” आर्व्हिड पुटपुटला.

“ती तूच विकलीस ना?” लॉरेन कॉफी ओतत म्हणाली. “आणि यात बसून नवरदेवासारखा घरी आलास.”

“बरं, मग करायचं काय?”

“वाटेत कुणाकडे तरी ट्रक चार्ज होईल अशी जाड वायर असेलच की,” लॉरेन छताकडे बघत म्हणाली. “कुणाच्या वेल्डिंगची म्हण. सौनाच्या विजेच्या शेगडीची म्हण.”

आर्व्हिडचे कान लाल झाले. वडिलांनी स्वतःच्या हातांनी बांधलेल्या सौनातली, म्हणजे वाफेच्या न्हाणीतली, लाकडाची भट्टी काढून ओनीने तिथे विजेची शेगडी बसवली, त्याला तीन वर्षं झाली होती. त्या ख्रिसमसला सगळ्या घरादेखत आर्व्हिड थोरल्या भावाला म्हणाला होता, “हा सौना नाही, टोस्टर आहे. वडिलांच्या जागेत बटणं दाबायला लाज नाही वाटत?” ओनीचे गुडघे गेले होते आणि त्याला लाकडं फोडणं होत नव्हतं, हे आर्व्हिडला नंतर कळलं. कळल्यावरही तो गप्पच बसला, आणि ते त्याला जास्त खुपत होतं. तेव्हापासून भाऊ भावाशी बोलला नव्हता.

“मी करू का काकांना फोन?” सिल्व्हीने विचारलं. आता तिचा चेहरा खोडकर नव्हता.

“नको. तोंड मी चालवलं होतं.”

फोन बराच वेळ वाजला.

“हं,” पलीकडून ओनी म्हणाला.

“मी आर्व्हिड.”

“नाव दिसतंय.”

दोघेही गप्प. फिनिश वंशाची माणसं फोनवरसुद्धा गप्प बसू शकतात, याची लॉरेनला लग्नाला वीस वर्षं होऊनही सवय झाली नव्हती. तिने आर्व्हिडला कोपर मारलं.

“मी ट्रक घेतलाय,” आर्व्हिड म्हणाला. “विजेवरचा.”

पलीकडून खोकल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. तो खोकला नव्हता. ओनी हसत होता, आणि ते हसू त्याला आवरत नव्हतं.

“टोस्टर घेतलास?”

“हो. टोस्टरच.” “तेव्हा मी फार लागट बोललो, ओनी. तुझ्या गुडघ्यांचं मला माहीत नव्हतं. कळल्यावरही मी आलो नाही. माझं चुकलं.”

ओनीने विचारलं, “किती तास लागतात त्याला?”

“रात्रभर.”

“चोवीसला येताय?”

“चोवीसला.”

“मग अडचण आहे,” ओनी म्हणाला. “माझ्याकडे वायर एकच. ती ट्रकला दिली की सौना थंड. ख्रिसमसच्या आदल्या संध्याकाळी सौना थंड, असं या घरात आजवर झालेलं नाही.”

“खरंय. राहू दे मग. आम्ही दुसरं काहीतरी—”

“जन्मात एकदा तरी माझं पुरतं ऐकून घेशील? वडिलांची भट्टी कोठारात आहे. गंजू नये म्हणून दर वर्षी काळा रंग लावतो तिला. चोवीसपर्यंत बसवून ठेवतो, धुराडं आहे तसंच आहे. पण लाकडं मी फोडणार नाही.”

“मी आणतो,” आर्व्हिड म्हणाला. “बर्चची. फोडून आणतो.”

“वाळलेली आण. तुझी नेहमी ओली असतात.”

फोन ठेवला तेव्हा सिल्व्ही कागदावर आकडे मांडत बसली होती. “बाबा, आधीच चार मैल कमी पडतायत, त्यात लाकडांनी वजन वाढणार. मग काकांच्या घरापर्यंतसुद्धा पोचू की नाही, सांगता येत नाही.”

“पोचू. हीटर बंद ठेवायचा. कोट घाला, लोकरीचे मोजे घाला, पांघरुणं घ्या.” त्याने बूट चढवलेसुद्धा होते. “आणि गाडी मी हळू चालवेन.”

“हा आणि हळू,” लॉरेन म्हणाली. पण तिने सामानाची यादी ओढली, आपल्या स्की खोडल्या आणि तिथे ‘लाकडं’ असं लिहिलं.

अंगणातून कुऱ्हाडीचा आवाज येऊ लागला. सिल्व्हीने नकाशावरचा पावाचा तुकडा बोटाने चार मैल पुढे, काकांच्या घरावर सरकवला.