खासगी रस्ता

"फुंका, नेस्टाबाई."

"फुंकते की. पण आधी ती पाटी वाच, इडवल."

इडवल हवालदारानं पाटीकडे पाहिलंही नाही. पाटी सगळ्या ब्लेनवर्न गावाला पाठ होती. खासगी रस्ता, परवानगीशिवाय प्रवेश नाही. रस्त्याचा मालक हॅल्फर्ड, त्यानं ती वसंतात ठोकली होती आणि फाटकासाठी खांबही रोवून ठेवले होते.

नेस्टा प्रॉसर आपल्या जुन्या जीपमध्ये ताठ बसली होती. वय सत्तरीच्या पुढे, डोक्याला मेंढपाळाची टोपी, गाल लालबुंद. रविवारची दुपार होती. हॅल्फर्डच्या खिडकीसमोर जीप उभी करून तिनं सायडरची, म्हणजे सफरचंदाच्या आंबट दारूची, बाटली रिकामी केली होती, त्याला हात हलवून दाखवला होता आणि मेंढीच्या चालीनं जीप चॅपलच्या भिंतीपर्यंत आणली होती. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. पोलिसांना फोन हॅल्फर्डनंच केला.

तिनं श्वास तपासायच्या यंत्रात फुंकलं. यंत्रावर लाल दिवा लागला.

"झालं समाधान?" ती म्हणाली. "आता घरी जा. सार्वजनिक जागेत पिऊन गाडी चालवली तर गुन्हा. ही हॅल्फर्डची खासगी जमीन आहे. इथं तुझा कायदा चालत नाही."

"ते कोर्टात सांगा," इडवल कानकोंडा होऊन म्हणाला. "उतरा आता. हात देऊ का?"

"हात तुझ्या आजीला दे."

तिची भाची लोवरी तिला सोडवायला ठाण्यावर आली, ती रडकुंडीला येऊनच.

"मावशी, गुन्हा कबूल करून टाक ना. शिक्षा कमी होते."

"का करू? खासगी रस्ता आहे."

"अगं, वर एकटी राहतेस तू! लायसन्स गेलं तर डोंगरावरून येणार-जाणार कशी? हॅल्फर्ड तेवढ्यासाठीच टपलाय. घर विकायला लावेल तुला."

"टपू दे."

त्यात खोटं काही नव्हतं. हॅल्फर्डचा बाप गेल्यावर तो लंडनहून परतला आणि सगळी इस्टेट त्याच्या हाती आली. मधोमध नेस्टाचं घर तेवढं त्याचं नव्हतं. खालचा रस्ता त्याचा होता, त्यावरून घरी जायचा हक्क तिला खरेदीखतानंच होता. गावाला मात्र तसा हक्क नव्हता. चॅपलच्या दफनभूमीत ज्यांची माणसं झोपली होती, ते सगळे याच रस्त्यानं जात. नेस्टाचा नवराही तिथंच होता. हॅल्फर्डनं पाटी लावली तेव्हा गाव काउन्सिलकडे धावलं. वीस वर्षांची वहिवाट दाखवा, तर रस्ता खुला राहील, असं उत्तर आलं. "इथून कधी कोणी गेलंच नाही," असं हॅल्फर्डनं काउन्सिलला खुशाल कळवलं. ज्यांनी ते खोडून काढायचं, ते म्हातारे एकेक करून त्या दफनभूमीतच पोचले होते, आणि उरलेल्यांचा शब्द काउन्सिलनं मालकाच्या शब्दापुढं मानला नाही. शेवटी गावानं नाद सोडला.

नेस्टानं त्या बैठकांत तोंडसुद्धा उघडलं नव्हतं.

कोर्टात तिनं वकील घेतला नाही. बाकावरच्या तीन दंडाधिकाऱ्यांसमोर ती टोपी काढून उभी राहिली.

"प्यायले होते. गाडीही चालवली. पण तिथं बाहेरचं कोणी येतच नाही. पाटी आहे. ती जागा सार्वजनिक आहे, असं म्हणणारा एक तरी माणूस आणा."

मागच्या बाकांवर गाव बसलं होतं. कुजबुज झाली. आपल्याच माणसानं असं बोलावं, हे अनेकांना झोंबलं. लोवरीनं मान खाली घातली.

सरकारी वकील चाचरला. मुद्दा खरा होता. लोकांची ये-जा सिद्ध झाली नाही तर म्हातारी सुटणार होती. त्यानं हॅल्फर्डला पिंजऱ्यात बोलावलं.

हॅल्फर्ड तयारच होता. शपथ घेतली आणि सुटलाच.

"येत नाहीत? रोज येतात! फिरायला येतात, फुलं घेऊन येतात, पोरं सायकली घेऊन येतात. पाटीला कोण विचारतं? आजही येतात."

"ही अलीकडची गोष्ट असेल," नेस्टा मध्येच म्हणाली. "तुझ्या वडिलांच्या काळी चिटपाखरू नव्हतं. तू पोरगा होतास, तुला काय आठवणार!"

हॅल्फर्ड लाल झाला.

"मला चांगलं आठवतं! चाळीस वर्षं पाहतोय मी, लंडनहून सुट्टीला यायचो तेव्हाही. अंत्ययात्रा याच रस्त्यानं जायच्या. वडिलांनी कधी कोणाला अडवलं नाही, कोणी परवानगी मागितली नाही. सगळं गाव आपल्या बापाचा रस्ता असल्यासारखं चालत यायचं!"

"खोटं," नेस्टा म्हणाली.

"शपथेवर सांगतोय!"

दंडाधिकाऱ्यांना फार वेळ लागला नाही. पाटी असो वा नसो, लोक तिथं सर्रास जातात, म्हणून जागा सार्वजनिक, म्हणून गुन्हा सिद्ध. दंड झाला, वर्षभर गाडी बंद.

पायऱ्यांवर लोवरी हुंदके देत होती. गाव जरा लांबच उभं होतं. हॅल्फर्ड हसत पुढं आला.

"नेस्टाबाई, वाईट वाटतं. आता गाडीशिवाय वर राहणं कठीण. घराला चांगली किंमत देईन मी. लवकर कळवा."

नेस्टानं टोपी डोक्यावर घातली, नीट बसवली.

"मी चालत जाईन रे. तू तेवढे फाटकाचे खांब उपटून ठेव. काउन्सिलला वीस वर्षांची वहिवाट हवी होती, तू शपथेवर चाळीस दिलीस. काउन्सिलनं मानावा असा हयात साक्षीदार गावाला एकटा तूच उरला होतास, आणि तू काही आमच्या बाजूनं बोलायला आला नसतास."