जपून ठेवलेलं कार्ड

बँकेतल्या मॅडम म्हणाल्या होत्या, “आधी क्रेडिट कार्ड घ्या, थोडं वापरा, वेळेवर भरा. तेव्हा कुठे बँक तुम्हाला ओळखायला लागेल.” कार्ड घेतलं खरं, पण उधारीची धास्ती, बंद पाकीट तसंच बाबांकडे जपायला दिलं.

वर्षभराने मी स्कूटरसाठी कर्ज मागायला त्याच मॅडमकडे गेले.

“नाही मिळणार. कार्डाचे पैसे थकलेत.”

“अहो, मी ते वापरलंच नाही!”

त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. गेले तीन महिने, दर एक तारखेला, एकच रक्कम रोख काढलेली.

“चोरीला गेलं का? तक्रार करा.”

आकडा मला तोंडपाठ होता. एक तारखेला बाबा तेवढाच पगार आईच्या हातावर ठेवतात. आज सकाळीही ते डबा घेऊन कामावर गेले होते.

“नको मॅडम,” मी म्हटलं. “मीच काढलेत.”