कोरा ब्रश

मेमरी अपुरी आहे, असं कंप्यूटरने सकाळपासून तिसऱ्यांदा सांगितलं आणि स्क्रीनवरचं वीस फुटी बॅनर पुन्हा गायब झालं.

मंगरूळपीरच्या बसस्टँडमागच्या त्या दुकानात तिघं होते. खुर्चीत लायबा, तिच्यामागे तिचे वडील सैफुद्दीन पेंटर, आणि बाकड्यावर पोहरादेवीचे धरमसिंग. यात्रेकरूंच्या स्वागताचं बॅनर धरमसिंगांचं होतं. बाराच्या आत फाइल वाशिमच्या छपाई मशीनवर गेली नाही तर आज छपाई नाही, आणि यात्रा उद्यावर आलेली. घड्याळात सव्वाअकरा झाले होते.

"काका, चारपाच फोटो कमी केले तं?" लायबाने विचारलं.

"कोनाले काढू, बाई? मले गावातच राह्यचं हाय."

बॅनरवर गावातल्या सत्तावन्न जणांचे हसरे चेहरे होते. त्यातला एकही कमी करायची धरमसिंगांची छाती नव्हती.

सैफुद्दीनचाचांनी मोबाइल काढला. अकोल्याला कंप्यूटर दुरुस्त करणारा पुतण्या मोईन, त्याचा शब्द या घरात खाली पडत नसे. आठच दिवसांपूर्वी त्याने या जुन्या कंप्यूटरमध्ये नवी एसएसडी, म्हणजे माहिती साठवायची वेगवान डिस्क, बसवून दिली होती. आज बॅनर झालं नाही तर उद्यापासून या खुर्चीवर मोईन बसणार, हेही चाचांनी सकाळीच सांगून टाकलं होतं. तेव्हापासून लायबाने पाण्याचा घोटही घेतला नव्हता.

"काका, तिले म्हना काही हात नको लावू," मोईन स्पीकरवर बोलला. "मी दुपारून येतो."

लायबाने तोवर सेटिंग उघडलं होतं. "मोईनभाई, व्हर्च्युअल मेमरी काहून बंद केली तुमी?"

"काकानंच सांगतलं. एसएसडी लिहून लिहून घासते म्हनलो मी, तं म्हने मंग लिहू नको देऊ तिच्यावर. जपून ठेव."

धरमसिंग खो खो हसले. सैफुद्दीनचाचांचं जपणं सगळ्या बाजाराला ठाऊक होतं. हैदराबादेहून आणलेला मऊ केसांचा एक ब्रश पत्र्याच्या डब्यात, डांबराच्या गोळ्यांसोबत, वीस वर्षं कोरा पडून होता. धरमसिंगांनी ट्रॅक्टरवर नाव लिहायला तोच ब्रश मागितला, तेव्हा "थो मोठ्या कामासाठी हाय" म्हणून चाचांनी त्यांना साध्या ब्रशावर वाटेला लावलं होतं.

लायबा खुर्ची फिरवून वडिलांकडे वळली.

"अब्बा, भिंत रंगवतानी रंगाचे सारे डबे हातात धरता काय?"

"कसे धरीन? एक हातात. बाकीचे स्टुलावर."

"मंग कंप्यूटरचा स्टूल काढून घेतला ना तुमी! हातात मावत नाही तं थो सारं खाली टाकून देते. मेमरी त्याचा हात, एसएसडी त्याचा स्टूल हाय."

"आन् घासली तं?"

"घासंल थोडीथोडी. लई वर्षं पुरंल, अब्बा. कामासाठीच आनली ना?"

चाचांनी घड्याळाकडे पाहिलं, मग लेकीकडे. फोनवर मोईन "काका, काका" करत होता.

"ठेव बेटा आता," चाचा फोनमध्ये म्हणाले आणि लायबाकडे वळले. "कर."

किती जागा घ्यायची ते कंप्यूटरनेच ठरवावं, असं तिने निवडलं. ओकेच्या आधी 'सेट'चं बटण दाबावं लागतं. घाईत भलेभले तेवढंच विसरतात. ती विसरली नाही. मग तिने कंप्यूटर बंद करून पुन्हा चालू केला.

"अवो, बंदच पाडला काय?" धरमसिंग बाकड्यावरून उठले.

काळ्या स्क्रीनमध्ये बापलेकीचे चेहरे तेवढे दिसत होते. मग स्क्रीन उजळली. लायबाने फाइल उघडली. मंदिराचा कळस आला, झेंडे आले, आणि एकामागून एक हसरे गावकरी येत गेले. सत्तावन्नावा आला तरी बॅनर गायब झालं नाही. ती शेवटच्या ओळी बसवत गेली. मध्ये एकदा कंप्यूटर क्षणभर अडखळला, पण त्याने काही खाली टाकलं नाही. पावणेबाराला फाइल वाशिमला पोहोचल्याचा निरोप आला.

"जमवलं ना बाप्पा पोरीनं!" धरमसिंग म्हणाले.

सैफुद्दीनचाचांना इतका अभिमान वाटला की लेकीला शाबासकी द्यायचंही त्यांना सुचेना. ते आतल्या फळीकडे गेले आणि पत्र्याचा डबा घेऊन बाहेर आले. डांबराच्या गोळ्यांचा वास दुकानभर पसरला. त्यांनी लाल रंगाची डबी उघडली, ब्रश अंगठ्यावर दोनदा फिरवून पाहिला आणि स्टूल उचलून दाराबाहेर ठेवला.

धरमसिंग मोटारसायकलला किक मारता मारता थांबले. "चाचा, असं कोनाचं मोठं काम निंघालं?"

दारावरच्या पत्र्याच्या पाटीवर तीस वर्षांपासून 'सैफुद्दीन पेंटर' एवढंच होतं. त्याखाली हातभर जागा मोकळी होती. चाचा स्टुलावर चढले. लायबा धावत दारात आली.

"अब्बा, नवा ब्रश हाय थो! पत्र्यावर घासून जाईल."

"जाऊ दे घासून," चाचा म्हणाले, आणि कोऱ्या ब्रशाने पाटीवर पहिलं अक्षर काढलं, 'ला'.