चार नंबरवरची यादी

ही २००५ सालची गोष्ट. आलापल्लीत अयूब आणि त्याची बायको सुरय्या नेटकॅफे चालवत. कोणता ब्राउझर माणसाचं गुपित राखतो, यावर अयूब नेटवर अनोळखी लोकांशी तासन्‌तास वाद घालायचा. गिऱ्हाईक उठलं की त्याने काय काय पाहिलं ती यादी पुसायचं काम सुरय्याचं. ती आधी वाचायची, मग पुसायची.

लग्न ठरलेली दिव्यानी चार नंबरच्या कॉम्प्युटरवरून उठताना म्हणाली, "ताई, मी पाह्यलं ते कोणाले दिसत नाई ना?"

"नाई वं. पुसून टाकीन मी."

यादीत अंगावरच्या कोडाच्या पांढऱ्या डागांवरचे उपाय होते. सुरय्याने ते शेजारच्या नाहीदला हसत सांगितलं. पंधरा दिवसांत दिव्यानीचं लग्न मोडलं.

तेव्हापासून चार नंबरवर कोणी बसलेलं नसतानाही यादीत एक ओळ उमटू लागली : 'सुरय्यानं कोणाले सांगितलं?' सुरय्या मान खाली घालून ती पुसायची.

एकदा ती ओळ अयूबला दिसली. त्याने नेटची वायर काढली, नवा ब्राउझर टाकला. "यात काहीच राह्यत नाई, पाह्य," म्हणत त्याने यादी उघडली.

'नाहीदले.' आणि खाली, 'हसून.'

अयूबने सुरय्याकडे पाहिलं. तिने पुढे होऊन दोन्ही ओळी पुसल्या.

दुकान त्याच वर्षी बंद झालं. अयूबने चंद्रपुरात नोकरी धरली. नाहीद लग्न होऊन नागपूरला गेली. दिव्यानी सिंदेवाहीला नर्स झाली, एकटीच राहिली. सुरय्या माफी मागायला तिच्या दारापर्यंत गेली आणि कडी न वाजवता परतली. हे तिने कोणालाच सांगितलं नाही.

चार नंबर दुकान बंद करतानाच मुलचेऱ्याच्या एका शिकवणीला विकला होता. सुरय्या त्या दारातून परतल्यावर आठवड्याने तिथल्या बाईंचा तिला फोन आला.

"ताई, कडी काऊन नाई वाजवली, असं विचारून राह्यला हा कॉम्प्युटर. कोणाले विचारते?"