फसलेला तास

मुलाखत घेणारे आपला ई-पोर्टफोलिओ, सरावाच्या तासांचे व्हिडिओ, आत उघडून बसलेत, हे शिपायाकडून कळल्यापासून रेश्माला एका जागी बसवेना.

"तो अपूर्णांकाचा व्हिडिओ काढलास ना?" पायलनं विचारलं. दोघी यंदाच बी.एड. झालेल्या, दोघींची मुलाखत याच शाळेत.

"न्हाई."

"येडी का तू? कॉलेजनं 'फसलेला तास' मागितला म्हणून कुणी खरा फसलेला टाकतंय व्हय? मी चांगलाच टाकला आन् खाली लिहिलं, वेळ अपुरा पडला. काढ की अजून!"

रेश्मानं मोबाईल उघडला. अंगठा टेकणार तेवढ्यात आतून नाव पुकारलं.

टेबलापलीकडं मुख्याध्यापक आणि गणिताच्या बाई. मधल्या लॅपटॉपवर नेमका तोच व्हिडिओ थांबवलेला. विणकर वस्तीतला पाचवीचा वर्ग, आणि पाठमोरी रेश्मा, कोरा फळा उगाच पुसणारी.

"बाकीचे तास इतके नीटनेटके. मग हा का ठेवलात?" सरांनी विचारलं.

"त्या तासांची पोरांकडून आदल्या दिवशी तयारी करून घेतलेली, सर." तिच्या तोंडून निघून गेलं. "ह्या तासाला खरंच येत नव्हतं."

"कुणाला?"

"मला." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "पोरं घरी तेलुगू बोलतात. मी पाव, अर्धा मराठीतच घोकत राहिले. शेवटी शब्दच फुटेना. तेव्हा मागं एक मुलगी उठली. डब्यातली कडक भाकरी मोडून तिनं सगळ्यांना अपूर्णांक समजावला. मला ते नंतर व्हिडिओत दिसलं. म्हणून ठेवला."

सरांनी आवाज वाढवून व्हिडिओ सुरू केला. भाकरी कडकन मोडली. मुलगी तुकडे वाटत दबक्या आवाजात भराभर काहीतरी सांगत होती, पोरं माना डोलवत होती. ऐकता ऐकता गणिताच्या बाई हसल्या. मग हसायच्या थांबल्या.

"तुम्हाला तेलुगू येतं, बाई?" रेश्मा खुर्चीतून पुढं सरकली.

"माहेरची भाषा आहे माझी."

"मग तिनं नीट समजावलं का हो?"

बाईंनी व्हिडिओ थांबवला.

"ती म्हणतेय, हा घ्या तुकडा आणि गप बसा. बाई रडतायत. त्या वळल्या की सगळ्यांनी म्हणायचं, समजलं."