कुंडीसकट

गॅलरीतल्या गांजाच्या एकुलत्या एका रोपासाठी निरीक्षकसाहेब दोन शिपाई आणि वजनकाटा घेऊन आले. “आजी, आता सरकारी दुकानात औषधी गांजाचं पाकीट मिळतं, ते घ्या, ते कायदेशीर. घरी लावणं गुन्हा.” आजींनी आत पलंगावर कण्हणाऱ्या नवऱ्याकडे पाहिलं. “त्या पाकिटातला पाचोळा तुमच्या मंत्र्यांना खायला घाला. ह्यांचं दुखणं याच पानांनी थांबतं.” पानं जेमतेम मूठभर; एवढ्याशा गुन्ह्यानं नाव कसं होणार? साहेबांनी मातीसकट कुंडीच काट्यावर चढवली आणि पंचनाम्यात लिहिलं, ‘गांजा, नऊ किलो.’ आजींनी सही केली, झारी भरून आणली आणि साहेबांच्या हातात दिली. “ही कशाला?” “रोज सकाळी पाणी घाला. माती वाळली, की वजन घटणार. कोर्टात किलोभर गांजा कमी भरला, तर चोर तुम्हीच ठराल.” शिपाई हसू दाबत कुंडी घेऊन उतरले, मागोमाग, झारी सांभाळत, साहेब.