जेट-स्कीचं माउंटिंग

मुलगा तापाने गेला, तेव्हापासून त्याची जेट-स्की पाण्यात उतरलीच नव्हती. तरी तिच्या फायबरच्या बुडातलं, इंजिन ज्यावर बसतं ते माउंटिंग पुन्हा तडकलं होतं.

"हे गं कसं?" नवऱ्याने विचारलं.

"मला मेलीला काय कळतंय त्यातलं!"

एरवी भिंतीकडे तोंड करून पडून राहणारा तो उठून गॅरेजमध्ये आला. तडा घासून काढला, फायबरचं कापड बेतून कापलं, रेझिनचे थर दिले. दुपारभर बायकोशी बोलत होता, चहासुद्धा मागून प्यायला. ती पायरीवर बसून डोळे भरून बघत राहिली.

हात पुसत तो हळूच म्हणाला, "पुढच्या वेळी हातोडा डावीकडे मार. उजवीकडे आता जोड धरायला जागाच उरली नाही."